औषधाचं दूध

दूध भुईवर सांडू नये, हे महादेवीला तिच्या सासूनं शिकवलं होतं. दुधात खोट करू नये, हे तिचं तीच शिकली होती. दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या. पण त्या दोन चांगल्या गोष्टींच्या मधे तिचा लेक सापडला.

धारूरच्या घाटाखाली हिंगणखोरी म्हणून गाव. तिथं बायकांची दूध संस्था होती आणि महादेवी तिची चेअरमन. नवरा वारल्यावर तिनं किराणा दुकान मोडलं आणि गाई घेतल्या. मग घरोघर फिरून बायका गोळा केल्या आणि संस्था उभी केली. गडीमाणसं हसली. "बायकांची संस्था म्हंजे भिशी," म्हणाली. पण त्याच गड्यांच्या संस्थेचं दूध शीतकरण केंद्रावरून परत आलं, कारण त्यात दुधापेक्षा हापशाचं पाणी जास्त होतं. बायकांचं दूध कधी परत आलं नाही. महादेवी रोज कॅनवर वाकायची, नाक लावायची, आणि शंका आली तर सख्ख्या जावेचीही बादली माघारी धाडायची. त्यामुळं गावात तिला मान होता आणि पाठीमागं शिव्याही होत्या.

मग दुष्काळाची सालं आली. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तर विहिरींचे तळ भेगाळले. माणसांना टँकर सुरू झाला, जनावरांना छावणी. छावणी पडली महादेवाच्या देवळामागच्या माळावर. पाच-सहा गावची जनावरं तिथं दावणीला, एकमेकींच्या शेपट्या एकमेकींच्या तोंडावर. शेण, मूत, माशा, ऊन. अशात दगडी आली नसती तर नवल. गाईची कास दगडासारखी घट्ट होते, हात लावू देत नाही, सडातून दुधाच्या गाठी पडतात, त्या रोगाला तिकडं दगडी म्हणतात. एका गाईला झाली आणि पंधरवड्यात निम्मी दावण त्यात गेली.

दूध संघाचा जनावरांचा डॉक्टर होता राधाकिशन, पाटोद्याकडचा. भला माणूस. मोटारसायकलवर पेटी बांधून यायचा, मानेत सुई मारायचा, सडात औषधाची नळी पिळायचा. जाताना बजावून जायचा, "औषध अंगातून उतरंपर्यंत हिचं दूध कॅनात घालू नका. माणसाच्या पोटात जाया न्हाई पायजे. टाकून द्या."

टाकून द्या, एवढंच. संध्याकाळी संकलन केंद्राच्या ओट्यावर बायका बसल्या, तेव्हा समोर तसल्या दुधाच्या बादल्याच बादल्या होत्या.

"टाकून द्या म्हनतोय मेला," चतुराबाई म्हणाली. ही संस्थेची सचिव, महादेवीची जुनी मैत्रीण, तोंडाची फटकळ. "ह्याच्या आईनं ह्याला कधी दूध टाकू दिलतं का, इचारा की."

"वासराला पाजावं," गीताबाई बोलली.

"पाजलं. वासरू दोन दिवस हगतंय."

केसरबाईनं इकडंतिकडं बघितलं. "मग घाला कॅनात. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," महादेवी म्हणाली.

"तुमाला तर सगळंच कळतंय, आक्का. मग करावं काय ह्याचं? अंगाला चोळावं? त्या सिनेमातल्या बाया आंघोळ करत्यात म्हनं."

बायका खिदळल्या. महादेवी हसली नाही. ती बादल्यांकडं बघत होती. घरात नातवंडं काळा चहा पीत होती आणि इथं पांढरंशुभ्र दूध. त्याला भुईवर ओतायचं म्हणजे जीव धजत नव्हता. तिची नजर देवळाच्या शिखरावर गेली.

"महादेवाला घालू," ती म्हणाली. "पिंडीवर अभिषेक करू. दूध वाया जानार न्हाई अन् संस्थेची खोट बी होनार न्हाई."

"देवाला औषधाचं दूध?"

"त्यानं हलाहल पचवलंय ग. त्याला राधाकिशनची सुई काय बाधती?"

सगळ्यांना पटलं. चतुराबाई तेवढी म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला चहाला थेंब न्हाई अन् महादेवाला दोन-दोन बादल्या. पुढच्या जल्मी पिंडच व्हावं बया." पण उठून पहिली बादली तिनंच उचलली.

तिथून रोजचा पाठ पडला. पिंडीवर दूध ओतायचं, ते पन्हाळीतून गोमुखात यायचं आणि गोमुखातून खाली बारवेत पडायचं. बारव जुनी, दगडी पायऱ्यांची. त्या साली तळाला डबक्याएवढं हिरवट पाणी उरलं होतं. माणसं टँकरचं पाणी प्यायची. बारवेचं पाणी छावणीला. तिथंच जनावरं पायऱ्यांवरून खाली उतरायची, प्यायची, मुतायची, शेण टाकायची. वरून औषधाचं दूध यायचं, खालून जनावरांची घाण. कुणाच्या मनात काही वावगं आलं नाही. उलट जुनीजाणती माणसं म्हणाली, दुष्काळात महादेवाला एवढं दूध कधी पडलं नव्हतं, आता पाऊस येणार.

पाऊस आला नाही. सुया मात्र लागू पडेनात. आधी दोन सुयांत मऊ पडणारी कास आता पाच सुयांत हलेना. राधाकिशननं टोपी काढून डोकं खाजवलं.

"कावून हो, डॉक्टर?" महादेवीनं विचारलं.

"रोग निबर झाला, आक्का. औषध बदलतो. जरा भारीतलं देतो."

भारीतलं औषध दिलं. त्या औषधाचं दूधही पिंडीवर गेलं आणि गोमुखातून खाली उतरलं.

वैशाखात बारव पुरती आटली. सरपंच सुंदररावांनी दवंडी दिली, आयता तळ उघडा पडलाय तर गाळ काढून घ्या. पाऊस झाला तर पाणी साठेल आणि गाळ ज्याच्या रानात पडेल त्याचं सोनं होईल. गावातली पोरं टिकाव-फावडी घेऊन उतरली. सगळ्यात पुढं महादेवीचा शिवलिंग. तिशीतला गडी, उंचापुरा, आईसारखाच कामाला वाघ. बायको शिवकांता वरून ओरडली, "बूट घाला की पायात!" तो खालून म्हणाला, "गाळात बूट अडकत्यात, पाय न्हाई!"

गाळ काळा होता, लोण्यासारखा बुळबुळीत, आणि त्याला आंबलेल्या दुधाचा वास मारत होता. पोरं नाकाला फडकं बांधून घमेली भरत होती. तिसऱ्या प्रहरी शिवलिंगच्या नडगीत मोडक्या रहाटाचा खिळा घुसला. त्यानं तो उपसून काढला, गाळात पाझरलेल्या पाण्यानं धुतलं, चिंधी बांधली आणि परत फावडं धरलं. संध्याकाळी महादेवीनं हळद भरली. एवढ्या-तेवढ्याला दवाखान्यात जाणारा तो नव्हता, आणि पाठवणारी तीही नव्हती. गाळाच्या ट्रॉल्या तोवर चतुराबाईच्या रानात गेल्या होत्या, केसरबाईच्या गेल्या होत्या, महादेवीच्याही.

पाय सुजला. नडगीपासून घोट्यापर्यंत लाल झाला, मग जांभळा. धारूरच्या डॉक्टरनं सुया दिल्या, गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, घटकाभरानं दुप्पट चढायचा. डॉक्टरच म्हणाला, इथं ठेवू नका. मग जीप केली आणि शिवलिंगला मोठ्या दवाखान्यात नेला.

तिथं एक डॉक्टरीण बाई होत्या. तरण्याच, पण बोलायला सावकाश. त्यांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. तपास आला तशी त्यांनी महादेवीला बाजूला घेतलं.

"आजी, तुमच्या मुलाच्या पायातल्या जंतूंवर आमची नेहमीची औषधं चालत नाहीत. एक नाही, चार तऱ्हेची. यानं पूर्वी फार औषधं घेतलीत का?"

"न्हाई. पोरपणी गोवर आलता, तवा बी लिंबाचा पालाच केला."

डॉक्टरीण बाईंनी औषधांची नावं घेतली. इंग्रजी नावं, पण त्यातलं एक महादेवीनं लगेच ओळखलं. ते नाव तिच्या तोंडात बसलेलं होतं. राधाकिशनच्या रिकाम्या नळ्या तिनंच गोळा करून ठेवल्या होत्या.

"बाई, हे नाव तर आमच्या गाईच्या सुईचं हाय," ती म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी सगळं विचारून घेतलं. छावणी, दूध, पिंड, बारव, गाळ. मधे एकदाही रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर महादेवीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन भेटायला आला. दवाखान्याच्या आवारात निंबाखाली दोघं बसली. त्याचं तोंड उतरलं होतं. बाईंनी त्यालाही फोन केला होता.

"मला नीट सांगा," महादेवी म्हणाली. "गाईचा रोग माझ्या लेकाला लागला का?"

"न्हाई. रोग निराळा. गाईच्या कासेतला जंतू निराळा, शिवलिंगच्या पायातला निराळा."

"मग औषध दोघांस्नी बी कावून लागू पडंना?"

राधाकिशन म्हणाला, "घरातलं विरजण संपलं तर काय करता, आक्का?"

"शेजारनीकडनं आनते."

"शेजारीन कुन्या जातीची, कुन्या घरची, बघता?"

"विरजनाला कसली जात?"

"तसंच हाय बघा. औषधाला न मरायची एक विद्या असती. एका जंतूकडं ती असली की त्याच्या लेकरांना मिळतीच, पर तो ती शेजाऱ्याला बी देतो. आपल्या जातीचा हाय का न्हाई बघत न्हाई. अंगाला अंग लागलं की दिली. एखादा मेला तर त्याची पडलेली विद्या दुसरा उचलतो. मातीत तर असल्या विद्या पैल्यापासनंच हायेत, लई जुन्या, आपल्या औषधाच्या आधीच्या. पर त्या कोपऱ्यात पडून असत्यात."

"मग कोपऱ्यातनं भाईर काडल्या कुनी?"

"औषधानं. भरपूर असतं तर सगळेच मेले असते. पर दुधातनं गेलेलं औषध पातळ. पातळ औषधानं दुबळे मरत्यात, विद्यावाले राहत्यात, अन् मग सगळी जागा त्यांचीच. वरनं छावनीची घान, खाली गाळ, ऊन. त्यांचा बाजारच भरला म्हना की. अन् रोज थोडं थोडं..." तो थांबला.

"रोज थोडं थोडं आमी घातलं," महादेवीनं पुरं केलं. "तुमी कावून न्हाई सांगितलं?"

"टाकून द्या म्हनलतो, आक्का."

"कुठं टाका, ते कावून न्हाई सांगितलं?"

राधाकिशननं निंबाच्या काडीनं भुईवर रेघ ओढली, पुसली. "मला वाटलं, मातीत जिरंल. मातीत समदंच जिरतंय म्हनून शिकलोतो." काडी टाकून तो म्हणाला, "पान्यापासनं लांब खड्डा घ्या. चुना टाका. त्यात वता. एवढं तरी करा आता."

महादेवी एका दिवसासाठी गावी आली. शिवकांताला लेकाजवळ बसवलं आणि संकलन केंद्रावर बायका बोलावल्या. जे ऐकलं ते तिनं जमेल तसं सांगितलं. विरजणाचा दाखला दिला. मग केसरबाई बोलली.

"तुमीच म्हनलात, त्यानं हलाहल पचवलंय."

"म्हनले."

"अन् आता म्हनता महादेवाच्या अंगावरनं उतरलेलं दूध जहर झालं. जीभ झडंल, आक्का."

"माझी झडू दे. तू बारवेत दूध घालू नगंस."

"मग घालू कुठं?"

"माळाला खड्डा घेऊ. चुना टाकू."

"दुधाला खड्डा?" गीताबाईचा आवाजच बदलला. तिचं एक तान्हं गेलं होतं. "खड्डा तान्ह्या लेकराला घेत्यात ओ. दुधाला कोन घेतंय?"

चतुराबाई गुडघे धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "महादेवी, गाळ तर माझ्या रानात पसरला की ग. पोरानं परवा नांगरून बी टाकला. आता काय फडक्यानं टिपून काढू?"

महादेवीच्या स्वतःच्या रानातही तोच गाळ होता, आणि तिच्या रानाखालच्या ओढ्याचं पाणी पुढच्या तीन गावांना जात होतं. विद्या खिळ्याच्या टोकावर बसून तिच्या लेकाच्या पायात शिरली, ती एकट्याच्याच पायात थांबेल असं काही नव्हतं.

शेवटी बायका हो म्हणाल्या. चतुराबाईनं माळावर खड्डा घेतला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीप धरायला जाताना महादेवीनं देवळाकडं बघितलं, तर गोमुखाखालचा दगड ओला होता आणि त्यावर पांढरे ओघळ होते. माशा बसल्या होत्या. कुणी घातलं, हे तिनं विचारलं नाही. हो म्हणणाऱ्यातलंच कुणीतरी होतं.

दवाखान्यात शेवटचं औषध चालू होतं. त्याच्यापुढं औषध नाही, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या. त्यानं दोन दिवस ताप दाबला आणि मग ते मूत्रपिंडावर आलं, लघवी कमी झाली. औषध थांबवावं लागलं. पाय काळा पडत वर चढत होता. बाईंनी शिवलिंगच्या समोरच सांगितलं, गुडघ्याच्या वरून काढला तर माणूस राहील, ठेवला तर दोन्ही जातील.

शिवकांता तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. शिवलिंग छताकडं बघत होता.

"माय," तो म्हणाला, "धा एकर रान एका पायावर कसं करत्यात ग?"

"मी हाय की."

"तू साठीची. तुझे दोन धरले तरी एकच होतोय." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. मग म्हणाला, "काढा म्हनावं."

पाय काढला. जिवाला धोका टळला, असं बाईंनी येऊन सांगितलं, आणि महादेवीनं त्यांना भिंतीला टेकूनच हात जोडले. तेवढ्यात लिंबागणेशहून मन्मथप्पा आले. हे तिचे दीर, घरातले थोर पुरुष, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. त्यांनी पुतण्याला बघितलं, डोळे पुसले, आणि मग व्यवहाराचं बोलले.

"पाय कुठं हाय?"

दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं, असले अवयव भट्टीत जाळतात. हवा असेल तर मागून घ्या, रीत असती काही लोकांत.

"आपल्या लिंगायतांत जाळत न्हाईत," मन्मथप्पा म्हणाले. "आपल्याला माती. वैनी, मी जंगमस्वामीला सांगून आलोय. पाय रानात नेऊ, भावाच्या समाधीपशी ठेवू. उद्या पोराची वेळ आली तर त्याचं सगळं एका जागी पायजे."

हे बरोबर होतं. महादेवीच्या घरात कुणी जळलं नव्हतं. सासरा, सासू, नवरा, सगळे बसल्या बैठकीला मातीत गेले होते. समाधी रानाच्या वरच्या कडेला होती, विहिरीच्या अंगाला. खाली ओढा. तिनं ते सगळं डोळ्यांपुढं आणलं. मग ती उठली आणि डॉक्टरीण बाईंकडं गेली.

"बाई, एक इचारायचंय. मातीत पुरलं तर जंतूची ती औषधाला न मरायची विद्या मरती का?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "खोल पुरलं, चुना घातला, तर पुष्कळ मरतं. पण माझी खात्री विचाराल तर नाही देता येत. जंतू मेला तरी ती विद्या मागं राहते काही काळ. जाळलं तर राहत नाही."

"जाळलं तर काहीच राहत न्हाई?"

"काही नाही."

महादेवी परत आली. मन्मथप्पा पांढरं धोतर फाडून फडकं काढत होते, पाय गुंडाळायला.

"राहू द्या ते, मन्मथप्पा," ती म्हणाली. "जाळू द्या त्यांना."

त्यांचा हात तसाच राहिला. "काय म्हनता, वैनी?"

"जाळू द्या."

"डोकं ठिकानावर हाय का? उद्या अर्धा शिवलिंग मातीत अन् अर्धा धुरात? भाऊ असता तर..."

"ते असते तर त्यांनी इरोध केला असता. मी बी महिन्याआधी केला असता. म्या मातीत लई काही घातलंय ह्या साली. आता आनखी न्हाई घालनार."

"पाप लागंल."

"लागंल."

मन्मथप्पांनी फडकं खुर्चीवर आपटलं. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, नक्की का? महादेवीनं मान हलवली. तो आत निघून गेला. पाय तिनं शेवटचा बघितलाही नाही. बघितला असता तर मागितला असता.

शिवलिंग दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आला. पाणी प्याला. पांघरुणाकडं बघून घेतलं. मग आईकडं वळला.

"काकांनी नेला का? बाबाच्या जवळ ठेवला?"

"न्हाई," महादेवी म्हणाली. "जाळला."

"कुनी सांगितलं?"

"मी."

तो तिच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिला. तिला वाटलं, विचारेल कावून. तर ती सांगणार होती सगळं, शेजारणीच्या विरजणापासून. पण त्यानं विचारलं नाही. मान वळवून तो भिंतीकडं तोंड करून पडला.

बाहेर जिन्यात मन्मथप्पा फोनवर मोठ्यानं कुणाला तरी सांगत होते, वैनीनं पोटच्या पोराचा पाय भट्टीत घालायला लावला म्हणून. सांजेपर्यंत ते हिंगणखोरीत पोचणार होतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून महादेवी उठून त्यांना थांबवायला गेली नाही.